कृष्णेची लांबी शिडावर मोजताना: मदतनिधीसाठी नौकानयनाची मोठी मोहीम कशी आखावी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या गावांत गुळाच्या काहिली पाण्यात सोडल्या आणि त्यांत म्हाताऱ्यांना, पोरांना बसवून बाहेर काढलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बचावासाठी निघालेली नाव उलटली आणि पुरातून सुटायला निघालेली माणसंच बुडाली. लाइफ जॅकेट ही वस्तू तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

नदीकाठच्या प्रत्येक गावात जॅकेटं हवीत, धड नाव हवी आणि ती चालवायला शिकलेली पोरं हवीत. त्यासाठी पैसे लागतात. वर्गणी मागायला दारोदार गेलं की लोक देतात, पण पूर ओसरला की देणंही ओसरतं. फेब्रुवारीत, नदी गुडघाभर असताना, पुरासाठी पैसे मागायचे तर लोकांना थांबून बघावंसं वाटेल असं काहीतरी करावं लागतं. पाण्यावरची मोठी मोहीम हे काम करू शकते.

जगात ही पद्धत रुळलेली आहे. कॅनरी बेटांमधल्या ला गोमेरापासून कॅरिबियनमधल्या अँटिग्वापर्यंत सुमारे ३,००० मैल वल्हवत अटलांटिक ओलांडणाऱ्यांची शर्यत होते आणि त्यातले कितीतरी चमू एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करतात. ब्रिटनच्या एलेन मॅकार्थर या दर्यावर्दी बाईंनी २००३ मध्ये सुरू केलेली संस्था कर्करोगातून बऱ्या होणाऱ्या मुलांना शिडाच्या बोटीवर नेते. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून हे आपलं नाही, असं सातारा-सांगलीत वाटू शकतं. पण साताऱ्याच्या शाहू महाराजांना सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होता. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांशी बोलणी केली आणि कोकणचं आरमार साताऱ्याच्या गादीशी जोडलं गेलं. आणि पाणी म्हणाल तर आपल्याकडे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे.

पुढचं सगळं मी एकच उदाहरण घेऊन सांगतो. तुमचं काम वेगळं असेल, पाणी वेगळं असेल, पण पायऱ्या याच राहतील.

कल्पना सुचायची कशी

बहुतेक जण सुरुवात बोटीपासून करतात. मुंबई ते गोवा जाऊ या, सुमारे ४०० किलोमीटर होतात, मग पैसे कुणाला द्यायचे ते बघू. मला ही दिशा उलटी वाटते. आधी काम ठरवा, मग ते काम ज्या पाण्याशी जोडलेलं आहे ते पाणी शोधा. बोट शेवटी.

आमचं काम ठरलेलं: कृष्णाकाठच्या गावांसाठी लाइफ जॅकेटं आणि नाव चालवण्याचं प्रशिक्षण. मग पाणी कोणतं? सांगलीच्या पुराचं पाणी मागे मागे शोधत गेलं की कराडच्या प्रीतिसंगमावर पोचतं. तिथं कोयना कृष्णेला मिळते. कोयनेच्या काठानं वर गेलं की धरण, आणि धरणाच्या मागे बामणोली-तापोळ्यापर्यंत डोंगरांच्या कुशीत पसरलेला शिवसागर जलाशय. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. पावसाळ्यात इथून सोडलेलं पाणी कराडवरून आयर्विन पुलाखाली येतं. म्हणजे जे पाणी पावसाळ्यात सांगलीच्या दारात येतं, त्याच पाण्यावर हिवाळ्यात शीड उभारायचं. हे एका वाक्यात सांगता येतं आणि सांगलीतल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तुमची कल्पना या कसोटीवर घासून बघा. भाजी मंडईत उभं राहून एका वाक्यात सांगा. समोरच्यानं "का?" असं विचारलं तर काम आणि पाणी अजून जुळलेलं नाही. "किती दिवस?" असं विचारलं तर जुळलं.

आकडा: मोठा, पण मोजता येणारा

मोहिमेला एक आकडा लागतो. तो लोकांच्या मनात राहायला हवा आणि तुमच्या हातूनही व्हायला हवा.

कृष्णा महाबळेश्वरजवळ उगम पावते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. आमचा आकडा तोच. शिवसागरावर तीन बोयांचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचा, त्रिकोणी मार्ग आखायचा, छोट्या शिडाच्या होड्यांनी पाळीपाळीनं फेऱ्या मारायच्या आणि सगळ्या होड्यांचं मिळून अंतर १,४०० किलोमीटर भरवायचं. कृष्णेची पूर्ण लांबी, कोयनेच्या पाण्यावर.

आता हिशेब. अशा होडीचा वेग साधारण वाऱ्यात तीन नॉट धरू. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास. वळणं, माणसं बदलणं, वारा पडणं धरून पाच किलोमीटरच हिशेबात घ्या. चार होड्या, प्रत्येकी दिवसाला पाच तास: ४ × ५ × ५ म्हणजे दिवसाला १०० किलोमीटर. चौदा दिवसांत काम होतं. वारा अजिबात नसलेले आणि वारा फार असलेले दिवस गृहीत धरून वीस दिवसांची मुदत राखून ठेवा.

तुमच्या मोहिमेचा हिशेब असाच कागदावर मांडा आणि वेग नेहमी कमीच धरा. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिरकं, नागमोडी चढावं लागतं, त्यामुळे नकाशावरचं अंतर आणि होडीनं कापलेलं अंतर यांत बराच फरक पडतो. किनाऱ्यानं जायचं ठरवलंत तर सकाळचे मतलई वारे आणि दुपारचे खारे वारे यांचं वेळापत्रक तुमच्या वेळापत्रकाच्या वर ठेवा.

एकट्यानं मोठं काही करायचं स्वप्न असेल तर ते नक्की जपा. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये आपल्याच देशात, गोव्यात, बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. अभिलाष टॉमींनी त्याच नौकेवरून २०१२-१३ मध्ये ती कुठंही न थांबता पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वरून जगाला फेरी घातली. या सगळ्यांच्या मागे नौदलाचं बळ आणि वर्षानुवर्षांची तयारी होती. आपण पहिल्याच वर्षी समुद्रात उतरलो तर निधीपेक्षा शोधमोहिमेवरच जास्त खर्च व्हायचा. पहिलं वर्ष बंदिस्त पाण्यावर घाला.

पैशाची रचना हीच सुरक्षेची रचना

या लेखातलं दुसरं काहीही विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका.

१९६८ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रानं एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत लावली. डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा माणूस त्यात उतरला. त्याची होडी तयार नव्हती आणि त्याला ते माहीत होतं. पण होडीला पैसा पुरवणाऱ्याशी झालेला करार असा होता की मोहीम फसली तर होडी क्रोहर्स्टलाच विकत घ्यावी लागणार. म्हणजे घरदार गेलंच. ३१ ऑक्टोबर, निघण्याची शेवटची तारीख. तो त्या दिवशी निघाला. पुढं त्यानं खोटी ठिकाणं कळवली आणि जुलै १९६९ मध्ये त्याची होडी अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. शर्यत पूर्ण केली एकट्यानंच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं. त्याची 'सुहेली' ही ३२ फुटी सागवानी होडी आपल्या मुंबईत बांधलेली. बक्षिसाचे ५,००० पौंड मिळाले ते त्यानं क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

मला या गोष्टीतून एक अगदी व्यवहारी धडा मिळतो. पैसे देणाऱ्याशी तुम्ही जसा करार करता, तसे तुम्ही पाण्यावर वागता. "तुम्ही १,४०० पूर्ण केलेत तरच आम्ही देऊ" असं वचन घेतलंत, तर अठराव्या दिवशी १,३२० किलोमीटरवर असताना, वारा बिघडत असताना तुमच्या डोक्यात वारा नसेल, ते पैसे असतील. आणि होडीत एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा असेल.

म्हणून:

किलोमीटर आधीच विका. एका किलोमीटरला १,००० रुपये ठेवले तर सगळे मिळून १४ लाख होतात. शाळांसाठी, बचत गटांसाठी १०० मीटरला १०० रुपये ठेवा. देणगी घेतानाच ती देऊन टाकायची, पावती घ्यायची, विषय संपला. मोहीम ९०० किलोमीटरवर थांबली तरी एकही रुपया परत जाणार नाही आणि एकही रुपया अडकून राहणार नाही, हे देणगीपत्रावर पहिल्याच ओळीत छापा.

तारीख छापताना "अमुक तारखेपासून" असं कधीच छापू नका. "या वीस दिवसांत, वाऱ्याप्रमाणे" असं छापा. उद्घाटनाला कुणी मोठा पाहुणा बोलवायचा मोह होतो, आणि मग पाहुण्याची वेळ म्हणजे सुटण्याची वेळ होते. उद्घाटन काठावर, मंडपात करा. होड्या कधी सुटतील ते पाण्यावरचा प्रमुख ठरवेल.

तिसरी गोष्ट, दोन पिशव्या. मोहिमेचा खर्च वेगळा आणि मदतनिधी वेगळा. होड्यांचं भाडं, टेम्पो, जेवण, डिझेल, विमा यांतलं काहीही देणगीदाराच्या पैशातून होता कामा नये. खर्चाची पिशवी भरायला जाहिरातदार शोधा. शीड हा मोठा पांढरा फलक असतो. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, पतसंस्था, साखर कारखाने, ट्रॅक्टरची दुकानं यांच्याकडे शिडावरची जागा घेऊन जा. खर्चाची पिशवी भरेपर्यंत देणग्यांचं आवाहन सुरू करायचं नाही, हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. त्यामुळे दोन महिने जास्त गेले, पण लोकांसमोर उभं राहताना "तुमच्या शंभर रुपयांतले शंभरच्या शंभर गावात जातील" हे म्हणता येतं.

कंपन्यांकडे जाताना एक फरक लक्षात ठेवा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ खाली ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तो पैसा जॅकेटांसाठी मागता येतो, पण तो घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी झालेली असावी लागते. शिडावर कंपनीचं नाव रंगवण्याचे पैसे मात्र या दोन टक्क्यांत बसत नाहीत. प्रसिद्धीसाठी केलेलं प्रायोजकत्व नियमांनी त्यातून वगळलं आहे. कंपनीच्या एकाच साहेबाकडे दोन्ही मागायचं असेल तर दोन वेगळी पत्रं न्या.

पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे

पूर्वी आमच्या एका उपक्रमात वर्गणी एका मित्राच्या वैयक्तिक खात्यावर घेतली होती. मित्र सरळ माणूस. पण कुणी दिले, किती दिले, त्याचे घरचे किती आणि वर्गणीचे किती, हे वेगळं करता करता वर्ष गेलं आणि त्याला नको ते ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून एकच नियम: पैसा संस्थेच्या खात्यात थेट जातो, आपल्या हाताला लागत नाही.

संस्था नवी काढू नका. आधीपासून नोंदणी असलेली, लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवणारी, हेच काम करणारी संस्था शोधा. त्यांच्याकडे जाऊन तीन वर्षांचे ताळेबंद मागा. दाखवायला कां-कूं करत असतील तर चहा पिऊन उठा. मग एक पानी लेखी करार करा: पैसा कशावर खर्च होईल, किती दिवसांत, कोणत्या गावांत, आणि हिशेब कोण कधी जाहीर करेल.

नोंदणीकृत संस्था नसताना, नुसत्या गटानं वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळात काम केलेल्यांना हे कलम तोंडपाठ असतं. त्यांना विचारा, ते कागदांची यादी देतील.

करसवलतीबद्दल देणगीदार विचारणारच. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८० जी) आहे का ते आधी बघा. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर ही सवलत मिळत नाही, त्यामुळे मोठी रक्कम बँकेतून किंवा यूपीआयनंच घ्या. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट नसते, हेही आधीच सांगून टाका, म्हणजे नंतर नाराजी नको.

आपल्याकडची पोरं परदेशात आहेत, ती पैसे पाठवू म्हणतील. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गानं दिलेला पैसा चालतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र, तो मूळचा विट्याचा असला तरी, परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. या बाबतीत सैल राहू नका. तुमच्या चुकीनं संस्थेची नोंदणी अडचणीत येते.

माणसं

चार होड्यांना पाळीपाळीनं सोळा जण, त्याशिवाय बचाव नावेवर चार आणि काठावर चार. यांतल्या निम्म्यांना शीड म्हणजे काय हे माहीत नसेल. चालेल. पोहता येत नसेल तर मात्र चालणार नाही. मी कृष्णेत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो, माझ्या आधीच्या पिढीनं वाळलेला भोपळा बांधला. पण घाटावर पोहणं आणि कपड्यांसकट, पाण्यात पडलेल्या शिडाखालून बाहेर येणं यांत अंतर आहे. चाचणी घ्या: अंगावरच्या कपड्यांनिशी ५० मीटर पोहणं आणि मग दहा मिनिटं जागेवर तरंगणं. नापास झालेला माणूस कितीही जवळचा असो, तो काठावरची कामं करेल.

शीड शिकायला बाहेर जावं लागेल. यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी संलग्न असलेले क्लब मुंबईत आणि इतरत्र आहेत, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. चार जणांना पाठवून पक्कं शिकवून आणा आणि मोहिमेसाठी प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक मानधन देऊन बोलवा. यावर पैसे वाचवू नका.

आणि नदीवरच्या माणसांना विसरू नका. सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणाऱ्या पोरांकडे जो दम आणि जी लय आहे ती क्लबात मिळत नाही. आपल्याकडच्या अंबी नावाड्यांना पाण्याचा रंग बघून खोली सांगता येते. बामणोली-तापोळ्याच्या लाँचवाल्यांना शिवसागरातला प्रत्येक बुडालेला बांध आणि झाडाचं खोड माहीत आहे. धरणात गावं गेलेली आहेत आणि पाणी उतरू लागलं की ती वर येऊ लागतात. मार्ग आखताना लाँचवाला सोबत नसेल तर बोया टाकू नका. त्यांना "मदत करा" म्हणू नका, दिवसाचं भाडं ठरवून द्या. हंगामातला त्यांचा धंदा बुडवून आपली समाजसेवा व्हायला नको.

होड्या आणि वेळ

लेझर नावाची एकट्यानं चालवायची होडी सव्वाचार मीटर लांब असते, नुसत्या सांगाड्याचं वजन ६० किलोच्या आत. दोन जण उचलतात, टेम्पोत बसते, डोलकाठीचे दोन तुकडे होतात, त्यामुळे कासवरून खाली बामणोलीला उतरणाऱ्या रस्त्याची वळणं अडवत नाहीत. नवशिक्यांसाठी मात्र दोघांची होडी बरी, सोबत एक जाणता राहतो. विकत घेऊ नका, भाड्यानं आणा.

महिने: पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो. नोव्हेंबर ते जानेवारी सरावाला आणि फेब्रुवारी मोहिमेला, असं आम्ही धरलं. एप्रिलपासून वळीव सुरू होतो. आभाळ भरून येतं आणि दहा मिनिटांत झोडपणारा वारा सुटतो. शिडाच्या छोट्या होडीसाठी याच्याइतकं वाईट काही नाही. मार्चच्या पुढं मोहीम नेऊ नका. त्याच्या आदल्या वर्षी त्याच महिन्यात काठावर बसून वाऱ्याची वही ठेवा: सकाळी आठ, अकरा, दोन आणि पाचला दिशा आणि वेग. हातातलं वारामापक यंत्र फार महाग नसतं. खोऱ्यातला वारा डोंगराला आपटून फिरतो, कुठल्याही ॲपवर तो दिसत नाही.

परवानग्या

यादी कंटाळवाणी आहे आणि टाळता येणार नाही. जलाशय जलसंपदा विभागाचा. धरणाच्या भिंतीजवळचं पाणी प्रतिबंधित, तिकडं नजरही वळवू नका. पश्चिमेकडचा काठ कोयना अभयारण्याचा, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथं पाय टेकायचा नाही, होडी उलटून तिकडं वाहत गेली तर काय करायचं हेही त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. नौका आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ. साहसी उपक्रमांसाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे, त्यासाठी पर्यटन विभाग. पोलीस ठाणं, ग्रामपंचायत, जवळचं आरोग्य केंद्र. जूनमध्ये अर्ज टाका. ज्या दिवशी शेवटची परवानगी हातात येईल त्या दिवसानंतरच देणगीपत्रं छापायला द्या.

विमा काढताना अटी स्वतः वाचा. साध्या अपघात विम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात.

पाण्यावरचे नियम

हे फलकावर लिहून काठावर टांगा.

जॅकेट काठावर घालायचं आणि काठावरच काढायचं. काठाजवळ, बचाव नाव हाकेच्या अंतरावर असताना चांगल्या पोहणाऱ्याला ५० न्यूटनचं चालतं (न्यूटन म्हणजे जॅकेट माणसाला किती जोरानं वर उचलतं त्याचं माप). काठापासून लांब, बंदिस्त पाण्यात १०० न्यूटनचं हवं, आणि काठावर राखीव म्हणूनही तीच ठेवा. खुल्या समुद्रात १५० न्यूटनचं लागतं. पट्टा दोन पायांमधून घ्या, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि माणूस खाली सरकतो.

वारा १५ नॉटच्या वर, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास गेला की सगळ्या होड्या काठाला. यंत्र नसेल तर पाण्याकडे बघा. लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरे तुरे दिसू लागले की थांबा. हा निर्णय एकाच माणसाचा, आणि तो माणूस निधी समितीत नसावा. दोन्ही टोप्या एकाच्या डोक्यावर असल्या की कोणती जड होते ते सांगता येत नाही.

इंजिनाची बचाव नाव सतत पाण्यावर. चालवणाऱ्याच्या मांडीला किल कॉर्ड बांधलेली, म्हणजे तो पडला तर इंजिन बंद होईल. खोऱ्यात मोबाइलची रेंज ठिकठिकाणी जाते, त्यामुळे फोनवर विसंबू नका. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, आणि काठावर दुर्बीण घेऊन बसलेला एक माणूस, ज्याला दुसरं कोणतंही काम नाही. त्यानं दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजायची आणि वहीत लिहायची. समुद्रावर गेलात तर व्हीएचएफ रेडिओचं सोळा नंबरचं चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक.

होडी उलटवण्याचा सराव प्रत्येकानं दहा वेळा करायचा, मुद्दाम, काठाजवळ. होडी उलटली की होडीला धरून राहायचं, पोहत काठाकडे निघायचं नाही. आपल्याकडच्या चांगल्या पोहणाऱ्यांना हेच सगळ्यात जड जातं.

उन्हाचं विसरू नका. पाण्यावरचं ऊन दोन्हीकडून लागतं. पाळी ७५ मिनिटांची ठेवा, प्रत्येकाला पाणी, मीठ-साखर, लिंबू. काठावर भडंगाचा डबा असतोच.

लोकांना सोबत कसं घ्यायचं

नकाशा हेच तुमचं सगळ्यात मोठं साधन. कृष्णेचा एक लांबलचक नकाशा सांगलीत गणपती मंदिराच्या रस्त्यावर, एक कराडला, एक वाईला लावा आणि रोज संध्याकाळी त्यावरची कागदी होडी पुढं सरकवा. पहिले काही दिवस वाई, कराड, सांगली. मग नदी कर्नाटकात शिरते, पुढं श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा आणि समुद्र. शाळेतल्या मुलांना रोजचा आकडा कळवा. सहावीतली मुलं हा भूगोल पुस्तकाबाहेर शिकतील आणि घरी जाऊन सांगतील.

ज्यांनी किलोमीटर घेतला त्यांना त्यांचा क्रमांक द्या. तो किलोमीटर ज्या दिवशी कापला जाईल त्या दिवशी त्यांना एक ओळ आणि एक फोटो पाठवा: "तुमचा ४१२वा किलोमीटर आज दुपारी झाला." आपल्या आजीच्या नावानं किलोमीटर घेणारे लोक असतील. त्यांच्यासाठी ती ओळ फार मोठी असते.

पुराचे फोटो वापरू नका. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ते परत बघायचं नसतं. जॅकेट घातलेल्या, हसणाऱ्या पोराचा फोटो वापरा.

संपल्यावर

मोहीम संपल्याच्या तिसाव्या दिवशी हिशेब जाहीर करा. दोन्ही पिशव्यांचा, वेगवेगळा. किती किलोमीटर झाले तेही खरं सांगा, १,४०० पूर्ण झाले नाहीत तर तसंच.

जॅकेटांसाठी तीन दुकानदारांकडून दरपत्रकं मागवा. ५० न्यूटनवर समाधान मानू नका, पुरात पोहता न येणाऱ्यांना घालायची आहेत. वेगवेगळ्या मापांची घ्या, मुलांची जास्त. वाटप एप्रिल संपायच्या आत करा, म्हणजे मे महिन्यात गावोगाव नदीत सराव घेता येईल. जॅकेटं ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवायची तर किल्ली कुणाकडे, हे भिंतीवर लिहा, दोन माणसांची नावं. पुरात ग्रामपंचायतीचं कार्यालयच पाण्याखाली जात असेल तर उंचावरची शाळा किंवा देऊळ बघा.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच गावांत परत जा. प्रत्येक जॅकेट बाहेर काढा, पट्टे ओढून बघा, बकल लावून बघा. उंदरांनी कुरतडलेली, उन्हानं विटलेली बाजूला काढा आणि तेवढी नवी मागवा. त्याचे पैसे पहिल्याच निधीतून दहा टक्के बाजूला काढून ठेवलेले असतील, हे करारात पहिल्या दिवशीच लिहून घ्या.